तोंड कुणाकुणाला दाखवायचं?

आई, लेक आणि ‘लोक काय म्हणतील’ यांची एक चिनी-अमेरिकन गोष्ट

आपल्या भागातल्या घरांना सगळंच दुप्पट मिळतं. सण दोन पद्धतींचे, आमट्या दोन चवींच्या आणि धाकही दोन भाषांतला. आजोळी गेलं की आजी डोळे वटारून विचारायची, ‘मंदी एनंतार?’ घरी परत आलं की वडील तेच मराठीतून विचारायचे, ‘लोक काय म्हणतील?’ भाषा बदलली तरी ते ‘लोक’ काही बदलत नसत. समोरच्या गल्लीतले, देवळातले, लग्नाच्या पंगतीतले, सगळे त्यात आले. आणि काही वावगं घडलंच तर पुढचं वाक्यही दोन्हीकडे तयार असे. मराठीत ‘तोंड कसं दाखवायचं?’ आणि कानडीत ‘मंदीगे मारी ह्यांग तोरसूदु?’

हे तोंड दाखवण्याचं दुखणं फक्त आपलंच आहे असं मला बरीच वर्षं वाटत होतं. ‘सेव्हिंग फेस’ नावाचा चित्रपट पाहिला आणि तो समज गेला. नावाचा सरळ अर्थ ‘तोंड राखणं’, आपल्या भाषेत ‘अब्रू राखणं’. चिनी माणसांतही या अब्रूला ‘तोंड’ असाच शब्द आहे, आणि चित्रपटाचं चिनी नावही तेवढंच आहे. गोष्ट घडते न्यूयॉर्कमध्ये, पण आईचं बोलणं ऐकताना आपण शहापुरात किंवा धारवाडात बसलोय असं वाटत राहतं.

चित्रपट आहे दोन मुलींच्या प्रेमाचा. हे वाचून कुणी पान उलटणार असेल तर त्यांना विनंती, जरा थांबा. यात अंगावर येणारं फारसं काही नाही. हसू मात्र भरपूर आहे, आणि मुलीच्या गोष्टीइतकीच ही आईचीही गोष्ट आहे.

एका घरात दोन गुपितं

विल्हेल्मिना पँग, घरच्यांची विल, ही न्यूयॉर्कमधली तरुण शल्यविशारद. अठ्ठाविशीतली, हुशार, कामात बुडालेली. आई विधवा आहे आणि क्वीन्समधल्या फ्लशिंग या चिनी वस्तीत आपल्या आई-वडिलांकडे राहते. दर शुक्रवारी तिथल्या एका हॉटेलात चिनी मंडळींचा मेळावा भरतो. जेवण, नाच, गप्पा आणि मुख्य म्हणजे मुला-मुलींची स्थळं बघणं. आपल्याकडे हळदी-कुंकवात किंवा लग्नाच्या मांडवात जे चालतं तेच. आई विलला आग्रह करकरून तिथे नेते, कुणा ना कुणा मुलासमोर उभी करते. आईला काहीच ठाऊक नसतं असं नाही. पण ठाऊक असणं वेगळं आणि तोंडाने कबूल करणं वेगळं, हे कोणत्याही घरातल्या माणसाला सांगायला नको.

त्याच मेळाव्यात विलला व्हिव्हियन भेटते. व्हिव्हियन नर्तिका आहे. बॅले करते, पण तिचा जीव आधुनिक नृत्यात आहे. तिचे वडील विलच्याच हॉस्पिटलातले वरिष्ठ डॉक्टर. दोघी लहानपणी एकदा भेटलेल्या असतात. विलने तिला दांडगट मुलांपासून वाचवलेलं असतं आणि मग स्वतःच धूम ठोकलेली असते. मोठेपणीही तेच होतं. ऑपरेशनच्या टेबलापाशी न डगमगणारी विल, चारचौघांत व्हिव्हियनचा हात धरायची वेळ आली की आजूबाजूला बघायला लागते.

इथवर ही एका मुलीच्या गुपिताची गोष्ट वाटते. पण एका रात्री विल घरी येते तर दारात आई. सामानासकट. अठ्ठेचाळीस वर्षांच्या या विधवा बाईला दिवस गेलेत आणि बाळाचा बाप कोण हे ती सांगत नाही. तिच्या वडिलांनी, म्हणजे विलच्या आजोबांनी, तिला घराबाहेर काढलंय. लग्न कर, नाहीतर परत येऊ नकोस. समाजात त्यांचं तोंड उरलेलं नाही!

आता लेकीच्या छोट्याशा फ्लॅटमध्ये दोन बायका आणि दोन गुपितं. आई दिवसभर चिनी मालिका बघत बसते. शेजारचा कृष्णवर्णीय तरुण जेवायला येतो. आधी आई त्याच्याकडे संशयाने बघते आणि पुढे दोघं मिळून त्याच मालिका बघू लागतात. आणि लेक? ती आईसाठी स्थळं शोधायला निघते. आईला साडी नेसवून, म्हणजे तिथला पोशाख घालून, केस नीट करून ‘बघायला’ पाठवणारी मुलगी हा या चित्रपटातला सर्वांत गमतीचा भाग. आपल्याकडे ज्या मुलींनी पोहे देताना मान खाली घातली आहे, त्यांना हा उलटा खेळ बघताना जरा जास्तच मजा येईल.

बाळाचा बाप कोण, हे मी इथे सांगत नाही. शेवटाजवळ ते कळतं तेव्हा मांडवात जो गोंधळ उडतो तो ज्याने त्याने बघावा.

आई झालेली जोन चेन

आईची भूमिका जोन चेन यांनी केली आहे. जन्म शांघायचा. तरुणपणी चीनमध्ये त्या लाडक्या नटी होत्या, आणि बर्नार्डो बेर्तोलुची यांच्या १९८७ च्या ‘द लास्ट एम्परर’मधली त्यांची सम्राज्ञी जगभर गाजली. त्यावर या चित्रपटात एक छान चिमटा आहे. आई व्हिडिओच्या दुकानात जाऊन चिनी चित्रपट शोधते, तर त्या कप्प्यात मोजकेच चित्रपट असतात आणि त्यात ‘द लास्ट एम्परर’ही असतो. पुढे काय सापडतं ते लिहायला संकोच वाटतो, पण बघताना हसून पुरेवाट होते.

या बाई बोलतात कमी. कोचावर बसून टीव्हीकडे बघताना त्यांच्या चेहऱ्यावर एवढं काही चाललेलं असतं की आपल्या ओळखीतल्या दहा-बारा बायका आठवाव्यात. लवकर लग्न झालेल्या, नवऱ्याशी जमलं की नाही हे कुणी विचारलंच नाही अशा. वडिलांची आज्ञा हाच धर्म मानून पन्नाशी गाठलेल्या.

मधल्या एका प्रसंगात विल धीर करून आईला सांगते. एकाच दमात सांगते की आई, माझं तुझ्यावर प्रेम आहे, आणि मी समलिंगी आहे. आई हादरते. या दोन गोष्टी एका दमात कशा म्हणवतात तुला, असं विचारते. मी काही वाईट आई नाही, माझी मुलगी तशी नाही, असं म्हणून निघून जाते. तिचं वाक्य मुलीबद्दल सुरू होण्याआधी स्वतःबद्दल सुरू होतं, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. मुलीने काही वेगळं सांगितलं की आईला पहिल्यांदा ऐकू येतं ते ‘तू कुठेतरी चुकलीस’. लोकही तेच म्हणणार, म्हणून आई ते आधीच स्वतःला म्हणून घेते.

आणखी एक गोष्ट दोन भाषांत राहणाऱ्या घरांना चटकन जाणवेल. या चित्रपटातली माणसं चिनी आणि इंग्रजी अशी मिसळून बोलतात. आजोबांशी एक भाषा, हॉस्पिटलात दुसरी, आईशी दोन्ही. आपण नाही का, सासूबाईंशी कानडी, नवऱ्याशी मराठी आणि मुलांशी जी तोंडात येईल ती बोलत! पण अशा दोन-दोन भाषा असूनही या विषयाला घरातला शब्द नाही. मराठीत ‘समलिंगी’, कानडीत ‘सलिंगी’. दोन्ही शब्द कोर्टातले आणि वर्तमानपत्रातले. चुलीपाशी बसून आईला सांगायला त्यातला कुठला वापरायचा?

जिने केला तिची गोष्ट

चित्रपट लिहिला आणि दिग्दर्शित केला अ‍ॅलिस वू यांनी. आई-वडील तैवानहून अमेरिकेत आलेले. स्वतः संगणकशास्त्र शिकून मायक्रोसॉफ्टमध्ये नोकरीला. चांगली नोकरी सोडून त्या न्यूयॉर्कला गेल्या आणि चित्रपट करण्यासाठी स्वतःला पाच वर्षांची मुदत दिली. निर्मात्यांकडून सूचना आल्या की पात्रं गोरी करा, म्हणजे पैसे मिळतील. त्या बधल्या नाहीत. शेवटी नट विल स्मिथ यांच्या कंपनीने निर्मितीला हात दिला. सप्टेंबर २००४ मध्ये टोरांटोच्या महोत्सवात चित्रपट पहिल्यांदा दाखवला गेला आणि मे २००५ मध्ये अमेरिकेत प्रदर्शित झाला. त्याच वर्षी तैवानच्या गोल्डन हॉर्स पुरस्कारांत त्याला प्रेक्षकपसंतीचा मान मिळाला.

अ‍ॅलिस वू यांनी मुलाखतींतून सांगितलंय की ही गोष्ट त्यांनी आपल्या आईसाठी लिहिली. आयुष्यात पहिल्यांदा प्रेमात पडायला कधीच उशीर झालेला नसतो, हे त्यांना आईला सांगायचं होतं. त्यांनी घरी स्वतःबद्दल सांगितलं तेव्हा आईशी बोलणं तुटलं होतं. पुढे ते जुळलं. आणि काही वर्षांनी आईची तब्येत बिघडली तेव्हा या मुलीने चित्रपटाचं काम बाजूला ठेवलं आणि आईजवळ राहायला गेली. दुसरा चित्रपट ‘द हाफ ऑफ इट’ आला तो थेट २०२० मध्ये. अशी मुलं घर मोडतात असं म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

रडणं पुष्कळ झालं

आपल्याकडे या विषयाची वाट बहुतेक अश्रूंतून किंवा दगडफेकीतून गेली आहे. विजय तेंडुलकरांचं ‘मित्राची गोष्ट’ १९८१ चं. त्यातली मित्रा एकटी पडत जाते. १९८२ च्या ‘उंबरठा’मध्ये आश्रमातल्या दोन बायकांच्या नात्याचा प्रसंग आहे, तोही वादळासारखाच येतो. दीपा मेहता यांचा ‘फायर’ १९९८ मध्ये आपल्याकडे प्रदर्शित झाला तेव्हा थिएटरांवर हल्ले झाले. कानडीत वसुधेंद्र यांचा ‘मोहनस्वामी’ हा कथासंग्रह २०१३ मध्ये आला. तो पुरुषांच्या अशा नात्याबद्दलचा, आणि वाचणाऱ्याला आतून हलवणारा. हे सगळं मोलाचं आहे. पण ही माणसं हसतात, भांडतात, आईच्या हातचं मागून खातात आणि सुखीही होऊ शकतात, हे सांगणाऱ्या गोष्टी आपल्या वाट्याला उशिरा आल्या. हिंदीत २०१९ मध्ये ‘एक लड़की को देखा तो ऐसा लगा’ने पंजाबातल्या मोगा गावच्या घरात ते करून पाहिलं.

विनोदाचा फायदा असा की घरातली वडील मंडळी शेजारी बसून बघू शकतात. हसता हसता माणसाची घट्ट मूठ थोडी सैल होते.

‘सेव्हिंग फेस’मध्ये दोष नाहीत असं नाही. विमानतळावरचा प्रसंग आपण शंभर चित्रपटांत पाहिलेला आहे. डॉक्टर आणि नर्तिका, दोघी कमावत्या, स्वतःच्या घरात राहणाऱ्या. पैशासाठी घरच्यांवर अवलंबून असलेल्या मुलीची अडचण यात दिसत नाही. आणि शेवट जरा जास्तच गोड आहे. पण तिथेही दिग्दर्शिकेने एक खरी गोष्ट सोडलेली नाही. शेवटी हॉटेलातल्या त्याच मेळाव्यात दोघी सगळ्यांसमोर एकत्र येतात तेव्हा काही माणसं तोंड फिरवून निघून जातात. काही थांबतात. सगळं जग टाळ्या वाजवत नाही, पण जे थांबतात ते पुरतात.

आणि त्या दोघींना तिथे समोरासमोर आणतं कोण? दोघींच्या आया.

ओळखीतल्या एका आईची गोष्ट

हा लेख मी लिहायला घेतला तो एका मैत्रिणीमुळे. तिची परवानगी घेतली आहे, नाव-गाव मात्र लिहीत नाही. माहेर कानडी, सासर मराठी. एकुलती मुलगी बेंगळुरूला नोकरी करते. तीन वर्षांपूर्वी दिवाळीत मुलीने सांगितलं की लग्नासाठी स्थळं बघू नकोस, मी ज्या मैत्रिणीबरोबर राहते तिच्याबरोबरच आयुष्य काढणार आहे.

मैत्रिणीने आपल्याकडची कोणतीही आई करील ते सगळं केलं. रडली, अन्न सोडलं, पत्रिका दाखवली, नवस बोलली. कुणीतरी एका डॉक्टरांचं नाव दिलं. त्यांनी सहा महिन्यांत ‘सुधारणा’ होईल असं सांगून पैसे घेतले. मुलगी दोनदा गेली आणि तिसऱ्यांदा गेली नाही. त्यानंतर ती घरी येईनाशी झाली. आठवड्यातून एक फोन. ‘बरी आहेस?’ ‘बरी आहे.’ संपलं.

अशा घरांना काही गोष्टी वेळेवर कळायला हव्यात, म्हणून स्पष्ट लिहिते. हा आजार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्येच त्याला आजारांच्या यादीतून काढलं. भारतातल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ मध्ये तसंच जाहीर केलं. आणि ‘बदलून देतो’ म्हणून उपचार करणं हे डॉक्टरचं व्यावसायिक गैरवर्तन आहे, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये सांगितलं. म्हणजे असे पैसे मागणारा डॉक्टर चुकतो आहे, मुलगी नव्हे.

हा गुन्हाही नाही. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कलम ३७७ मधून प्रौढांचे संमतीचे संबंध वगळले. त्या निकालात न्यायमूर्ती इंदू मल्होत्रा यांनी लिहिलं की इतिहासाने या माणसांची आणि त्यांच्या कुटुंबीयांचीही माफी मागायला हवी. कुटुंबीयांची! त्या आयांनी गप्प राहून जे सोसलं त्याची नोंद कुणीतरी घेतली. लग्नाला मात्र कायद्याची मान्यता नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये न्यायालयाने ते काम संसदेचं आहे असं म्हटलं. तैवानमध्ये, जिथून अ‍ॅलिस वू यांचे आई-वडील आले, २०१९ पासून अशी लग्नं कायदेशीर आहेत. चित्रपट आला तेव्हा ती ना तिथे होती, ना न्यूयॉर्कमध्ये.

आपल्याकडे पालकही आता एकमेकांना शोधू लागले आहेत. ‘स्वीकार’ नावाचा पालकांचा गट २०१७ पासून काम करतो. २०२३ मध्ये त्यातल्या चारशेहून अधिक आई-वडिलांनी सरन्यायाधीशांना पत्र लिहून आपल्या मुलांच्या लग्नाला मान्यता मागितली. मराठीत पुण्याच्या बिंदुमाधव खिरे यांनी या विषयावर सोप्या भाषेत बरंच लिहिलं आहे. आई-वडिलांचे अनुभव सांगणारं ‘मनाचिये गुंती’ हे त्यांनी संपादित केलेलं पुस्तक अशा घरात असावं.

हे सगळं मी मैत्रिणीला सांगून पाहिलं होतं. ती ऐकायची, मान हलवायची आणि विषय बदलायची. शेवटी एका दुपारी तिला घरी बोलावलं आणि हा चित्रपट लावला. विषय आधी सांगितला नाही, एवढा कावा केला. ती आईच्या भागाला खूप हसली. मुलगी आईला सांगते त्या प्रसंगाला उठून पाणी प्यायला गेली. परत आली आणि शेवटपर्यंत बसली.

संपल्यावर मला वाटलं रागावेल. ती म्हणाली, “त्या बाईला स्वतःचं काहीतरी लपवायचं होतं, म्हणून तिला पोरीचं कळलं. मी काय लपवलं नाही गं कधी, मला कसं कळणार?” मग थोड्या वेळाने, “लपवलं नाही असंही नाही. लोकांना घाबरते हे लपवलं.”

मी काही बोलले नाही. चहा टाकला.

त्या रात्री तिने मुलीला नेहमीसारखा फोन केला. दुसऱ्या दिवशी तिने मला सांगितलं ते एवढंच. रोज ती विचारायची, ‘जेवलीस का?’ त्या रात्री तोंडातून गेलं, ‘जेवलात का गं दोघी?’ पलीकडून बराच वेळ आवाज आला नाही. मग मुलगी कानडीत बोलली. लहानपणी आजीशी बोलायची तशी, ‘ऊट आत अव्वा, इब्बरदू.’ जेवण झालं आई, दोघींचंही.

मुलगी गणपतीला येणार आहे. ती मैत्रीण येईल की नाही हे ठरलेलं नाही. माझ्या मैत्रिणीला झोप लागत नाही. गल्लीत कोण काय म्हणेल, मामांना काय सांगायचं, हे प्रश्न जिथल्या तिथे आहेत. परवा मला म्हणाली, “आली दोघी तर जागा करायला पाहिजे. वरची खोली पुसून घेते.”

लोक बोलायचे ते बोलतीलच. मंदी अन्नूदू अंतारच. पण ज्या लोकांना आपण तोंड दाखवायला घाबरतो, ते आपल्या आजारपणात डबा घेऊन येणार आहेत का, हा हिशेब एकदा प्रत्येक घराने करून बघावा. आणि जिला आपण तीन वर्षं नीट तोंड दाखवलं नाही, ती आपली मुलगी आहे, हेही त्याच हिशेबात धरावं.